दोन घोषणांच्या मधली जागा

ॲडम्सटाउन, डब्लिन
रविवार, १२ एप्रिल २०२६

ती. बाबांना,
सा. न.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. थंडी गेली म्हणून जाड जाकिटं आत टाकावीत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर काढावी लागतात. आईच्या गुडघ्यासाठी मलम घेऊन ठेवलंय, माझी इथली मैत्रीण शर्वाणी मे महिन्यात पुण्याला येईल तिच्याबरोबर पाठवते. आणि आईला सांगा, त्या हरवलेल्या चार पुडांच्या डब्याचं आता तरी सोडून दे. परवा फोनवर पुन्हा तेच. पस्तीस वर्षं होत आली, एवढी आठवण तिला माझ्या वाढदिवसाचीही राहत नाही.

हे पत्र टॅबवर अक्षर मोठं करून एकट्यानेच वाचा. फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही स्पीकर लावता, आई मधेच जेवलीस का विचारते आणि खालच्या मजल्यावरच्या सतीशकाकांनाही आमची खबरबात कळते. शिवाय मी हॉस्टेलवर गेल्यापासून तुम्हीच म्हणत आलात की महत्त्वाचं असेल ते लिहून कळवावं. तर हे महत्त्वाचं आहे.

तुम्ही स्वरांगीला फोन करून जरा दरडावायला हवं. माझं ती ऐकत नाही. बापाचं ऐकते, पण इंद्रनील काही बोलतच नाही. राहता राहिलात तुम्ही.

तुम्हाला चिपो आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे होतात तेव्हा शाळा सुटली की स्वरांगीबरोबर घरी यायची ती उंच मुलगी, बारीक वेण्यांची. आईच्या थालीपिठावर टोमॅटो सॉस ओतून खाल्लं म्हणून आई दिवसभर हळहळत होती, तीच. ती जन्माने झिंबाब्वेची, पण चार वर्षांची असल्यापासून इथेच वाढली. बोलते स्वरांगीपेक्षाही आयरिश. तिची आई रुडो म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. इथे आसरा मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला, अपील फेटाळलं, आणि आता देश सोडून जा असं पत्र आलंय. मायलेकी दोघींना.

शाळेतल्या मुलांनी ठरवलंय की बुधवारी २९ तारखेला संसदेसमोर मोर्चा न्यायचा. आता घोषणा कोण देणार असेल, ओळखा. तुमची नात.

बाबा, मला कुणाचं वाईट व्हावं असं वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी शिफ्टवर असायचे तेव्हा स्वरांगी रुडोकडेच जेवायची. एकदा हिला ताप भरला तेव्हा रुडोनेच डॉक्टरकडे नेलं, मला फोन केला तो औषध पाजून झाल्यावर. हे सगळं मला आठवतं. पण आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेल्या ऑगस्टपासून पडून आहे. माणूस चांगल्या वर्तणुकीचा असावा अशी त्यात अट असते, आणि सोळा पूर्ण झालेल्या मुलांचीही चौकशी होते म्हणतात. इंद्रनील म्हणतो मोर्च्याला जाणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. ते मलाही कळतं. पण कोण कुठल्या फोटोत काय बघेल, काय सांगावं? बाहेरचे लोक इथे नकोत म्हणणाऱ्यांनी स्टेशनच्या रस्त्यावर खांबाखांबाला झेंडे बांधलेत हल्ली. आपल्याकडे झेंडा दिसला की बरं वाटतं. इथे खांबावर नवा झेंडा दिसला की मी स्वरांगीला फोन लावते, कुठे आहेस म्हणून.

माझं कामही तसलंच, भित्र्या माणसाला शोभणारं. आमच्या औषधाच्या प्लांटच्या क्लीनरूममध्ये हळूहळू चालावं लागतं. हात हलवायचे नाहीत, पाय आपटायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कारण हवा हलली की धुळीचा कण उठतो. जरा काही वेगळं घडलं की ते कळवायचं, आणि पुन्हा घडणार नाही याची व्यवस्था करायची. चौदा वर्षं हेच करते आहे. आणि माझ्याच स्वयंपाकघरात काल काय चाललं होतं ते ऐका.

दोघी मुली सराव करत होत्या. चिपो गुडघे उचलून जागच्या जागी धावते तसं काहीतरी करत होती. पाय पडतो तिथे टाळी नाही, टाळी मधल्या जागेत, आणि शब्द त्याच्याही वरून चाललेले. आपण आरतीला टाळ्या वाजवतो त्या सरळ ठेक्यावर. यांचं तसं नाही. एकाच माणसाच्या अंगात तीन माणसं वेगवेगळं काही वाजवत आहेत असं वाटतं, आणि तरी सगळं एकत्र चालतं. इंद्रनील मधे घुसला. लहानपणी तबला शिकल्याची घमेंड आहे ना. चारदा टाळी पायावरच मारली आणि चिपो हसून हसून खाली बसली. वरच्या प्रेसमधले कप खणखणत होते. प्रेस म्हणजे इथे कपाट, तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं.

त्यांची घोषणा अशी, की स्वरांगी विचारते, “व्हेअर’ज चिपो फ्रॉम?” आणि सगळे ओरडतात, “लूकन!” लूकन म्हणजे आमच्या शेजारचं गाव, शाळेचं. विचारायचा प्रश्न आणि उत्तराचा एकच शब्द. हे कुणाचं आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही इथे अंगणात उभं राहून तिला तुमच्या कंपनीच्या गेटवरच्या जुन्या घोषणा म्हणून दाखवल्या होत्यात, ते तिने फोनवर टिपून ठेवलंय.

मी म्हटलं, आजोबांचंच घेतलंयस की. तर इथल्या पोरांसारखं आईला मॅम करत मला म्हणते, “हो, पण मॅम, आजोबांच्या चँटमध्ये ना, एक होल आहे. ते ओरडतात, सगळे आन्सर देतात, अँड देन, नथिंग. सगळे नुसते वाट बघत उभे. रुडो म्हणते, असं होल ठेवायचंच नाही. पाय चालू ठेवायचे.”

मी शेगडी बंद केली आणि वर निघून गेले. तिला वाटलं, आवाजाला वैतागले.

तर तेवढा फोन करा. तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल. मोर्च्याला हवं तर मागे उभी राहू दे, पण घोषणा दुसरं कुणीतरी देईल. तुमचा रक्तदाब कसा आहे ते कळवा.

तुमची,
शिवांगी

*

ॲडम्सटाउन
रविवार, २६ एप्रिल

ती. बाबांना,

नमस्कार करते, पण रागाने करते.

मी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलंत? तुमचा फोन आला तेव्हा तिला वाटलं मी बाथरूममध्ये आहे. मी जिन्यात उभी राहून स्पीकरवरचं सगळं ऐकलं. “घशातून नाही, बेंबीपासून ओरडायचं.” “आल्याचा तुकडा गालात ठेव.” “पहिल्या रांगेकडे बघू नकोस, सगळ्यात मागे जो उभा आहे ना, त्याला ऐकू गेलं पाहिजे.” दरडावणं याला म्हणतात का बाबा? पोरगी आता घरभर गालात आलं धरून फिरते आणि जेवताना थुंकून ताटाच्या कडेला ठेवते. पिंपरीच्या कामगाराला मोर्चा थांबवायला सांगितला ही माझीच चूक, दुसरं काय.

वर तिला हेही म्हणालात, “रुडोबाईंचं बरोबर आहे, आमच्यात ती जागा राहून जायची.” तुम्ही ते इतक्या सहज म्हणालात की मी तिथेच पायरीवर बसले.

असो. इथली प्रगती कळवते, तुम्हाला हवीच असणार.

शेजारच्या नोरीन तुम्हाला आठवतील, तुम्हाला चहाबरोबर खायला घरी भाजलेले स्कोन आणून देणाऱ्या. पायांची धमधम भिंतीपलीकडे जात होती म्हणून त्या आल्या. मला वाटलं तक्रार घेऊन आल्या, मी दारातच सॉरी म्हणायला सुरुवात केली. त्या आत आल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली, आणि ओट्याचा आधार घेऊन चिपोसमोर तीच पावलं टाकायला लागल्या. त्या तरुण असताना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा, डब्लिनमध्ये त्याविरुद्ध निदर्शनं व्हायची. तिकडून हद्दपार झालेले लोक इथे असत, त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या या आयरिश पोरींना गाणी आणि पाय शिकवले. नोरीन म्हणाल्या, “शब्दांचा अर्थ तेव्हाही कळत नव्हता, आता तर शब्दही गेले. पण पाय आहेत बघा.” आणि चिपोला विचारलं, “युअर मॅन, म्हणजे तो सरकारने तुमच्या केसला दिलेला नवा वकील, काही कामाचा आहे का?” चिपोने खांदे उडवले.

रुडोचं म्हणणं, ही पावलं मुळात त्यांच्याकडची. तिचे काका स्वातंत्र्याच्या लढाईत रानातल्या छावण्यांत होते, तिथे अशी पळत पळत गाणी म्हणायचे. मग ही पावलं सरहद्द ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेली, तिथल्या वस्त्यांतली पोरं हजारोंनी अशी गुडघे उचलत बंदुकांसमोर आली. हातात काही नसलं तरी पाय तर असतातच. हे मला चिपोने सांगितलं, हसत हसत, बिस्किट खाताना. पुढच्या महिन्यात ही मुलगी कुठे असेल हे ठाऊक नाही आणि ती माझ्या मुलीला सांगत होती, “तुझा डावा पाय लेट पडतो.”

रुडोने हे मला स्वतः का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. विचारणारच तुम्ही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी घरी एकटी होते. बेल वाजली. दाराच्या काचेतून मला तिचा पिवळा कोट दिसला. मला माहीत होतं ती कशाला आली आहे. त्यांच्यासाठी एक विनंतीपत्र फिरतंय, ओळखणाऱ्या लोकांनी त्यावर नाव, पत्ता आणि कुठे काम करता ते लिहायचं आहे. नोरीननी लिहिलं. शाळेतल्या शिक्षकांनी लिहिलं. मी हॉलमध्ये उभी राहिले, हातात इस्त्रीचे कपडे. क्लीनरूममध्ये राहतो तशी, अंग न हलवता. तिने पुन्हा बेल वाजवली नाही. थोडा वेळ थांबली आणि गेली. जाताना दाराशी पडलेलं कुरिअरचं खोकं पावसात भिजू नये म्हणून आत, छपराखाली सरकवून गेली.

मी हे इंद्रनीलला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि तुम्ही मला काही बोलू नका. जे बोलाल ते मी स्वतःला बोलून झालं आहे.

येत्या बुधवारी मी जाणार नाही. इंद्रनीलचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला आहे, तिथून तो चालत जाऊन लांबून लक्ष ठेवील. इथले गार्ड, म्हणजे पोलीस, सहसा कुणाच्या अंगावर जात नाहीत, हे मला माहीत आहे. समोरून झेंडेवाले येतील, तेही बहुधा ओरडून जातील. मला भीती कशाची वाटते ते मला नीट सांगता येत नाही. म्हणजे येतं. पण ते राहू दे.

फक्त एक सांगा. घोषणा देताना, लोकांचं उत्तर येऊन गेल्यावर तुम्ही मूठ वर धरून थांबायचात. का थांबायचात? श्वास घ्यायला, की लोकांनी वाट बघावी म्हणून?

आईला नमस्कार.

शिवांगी

ता. क. आल्याने खरंच आवाज सुधारलाय तिचा. पण हे तिला कळवू नका.

*

ॲडम्सटाउन
शुक्रवार, १ मे

ती. बाबांना,

आज १ मे. तुम्ही सकाळी तुमच्या चार मित्रांबरोबर कंपनीच्या बंद गेटपाशी झेंडा लावून आला असाल, आणि उन्हातून टोपी न घालता गेलात म्हणून आईची बोलणी खाल्ली असतील. आता पंख्याखाली बसा आणि हे शांतपणे वाचा. आधीच सांगते, स्वरांगी सुखरूप आहे. आवाज पार बसलाय, पण सुखरूप आहे.

मी गेले होते.

जाणार नव्हते, तसं लिहिलंही होतं तुम्हाला. मी सुट्टी घेतली होती, पण ती घरी बसून काळजी करायला. मुलगी सकाळी गडबडीत गेली आणि पोळीभाजीचा डबा ओट्यावरच राहिला. इंद्रनीलला फोन केला असता तर त्याने तिला तिथे सँडविच घेऊन दिलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी डबा पिशवीत टाकला, स्टेशनवर गेले आणि गाडीत बसले. पिशवी मांडीवर घेऊन बसल्यावर हाताला डब्याची कड लागली. पुन्हा डबाच.

संसदेसमोरच्या रस्त्यावर पोरंच पोरं होती. शाळेचे स्वेटर, हातात पुठ्ठ्यांचे फलक, कुणाच्या गालावर रंग. तिकडच्या फुटपाथवर दहाबारा माणसं झेंडे घेऊन उभी, मधे गार्ड. नोरीन घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या, पण बसल्या नव्हत्या. रुडो पिवळ्या कोटात मुलांच्या मधोमध. आणि तुमची नात एका दगडी कठड्यावर उभी, मला पाठमोरी. मी सगळ्यात मागे राहिले. म्हणजे तुमच्या हिशेबाने, जिला ऐकू गेलं पाहिजे ती मीच.

ऐकू आलं, बाबा. “व्हेअर’ज चिपो फ्रॉम?” “लूकन!” आणि खाली पाय. दोनशे पोरं एकदम गुडघे उचलत होती, निम्मी चुकत होती, पण जमीन हलत होती. पायांच्या मधे टाळी आणि त्याच्या वरून हिचा प्रश्न. तुमचाच आवाज. तुम्ही घोषणेचा शेवट जसा थोडा वर उचलून सोडता, अगदी तसा.

मग तिकडच्यांपैकी एक माणूस गार्डांच्या कडेने वळसा घालून आला, फोन समोर धरून. थेट हिच्या तोंडासमोर. काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. ती नंतर सांगायलाही तयार नव्हती, मीही विचारलं नाही. मला एवढं दिसलं की पुढचा प्रश्न विचारायला तिने तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला नाही.

बाबा, आता ते लिहिते.

त्या दिवशी मी गेटवर होते.

तुम्हाला वाटतं मी मावशीकडे होते. आईलाही तेच वाटतं. आईने डबा देऊन मला मावशीकडे पाठवलं, मावसदादाने तो संपाच्या मांडवात तुमच्यापर्यंत पोचवायचा होता. दादा घरी नव्हता. मी नऊ वर्षांची होते, गेट मला माहीत होतं, मी स्वतःच निघाले. तुम्ही पिंपावर उभे होतात, निळ्या शर्टात. मी चहाच्या टपरीपाशी थांबले. तुम्ही म्हणालात, “गेट कोणाचं?” आणि सगळे म्हणाले, “घामाचं!” मीही म्हणाले. तुम्ही मूठ वर धरून थांबलात. पुन्हा विचारलंत, पुन्हा उत्तर. मी एका हातात डबा धरून दुसरी मूठ वर केली होती. मग तिसरं उत्तर आलं आणि तुम्ही तिसऱ्यांदा थांबलात.

आणि पुढची घोषणा आलीच नाही.

लोक मुठी वर करून उभे. सगळ्यांच्या तोंडात उत्तर तयार, आणि प्रश्नच येत नाही. तेवढ्यात किती शांत झालं होतं, तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही तोवर खाली पडला असाल. मला एका माणसाच्या चपलेचा आवाज ऐकू आला. मग पोलिसांच्या काठ्यांचा. गर्दी फुटली तेव्हा पिंप आडवं पडलेलं दिसलं, तुम्ही दिसला नाहीत. मी डबा टपरीच्या भिंतीशी ठेवला आणि पळाले. मावशीला सांगितलं, खेळत होते.

तुम्ही घरी आलात ते हात गळ्यात बांधून. त्या दिवसाबद्दल आपल्या घरात कुणी काही बोललं नाही. नोकरी गेली, तुम्ही पंखेदुरुस्तीचं दुकान टाकलंत, आणि आई डबा कुठे गेला म्हणून शोधत राहिली. मला काही माहीत नाही असं तुम्हाला वाटत होतं, आणि तेवढं तरी तुम्हाला बरं वाटू दे म्हणून मी ते तसंच राहू दिलं. पण ती शांतता माझ्याबरोबर राहिली. वर्गात बाईंनी प्रश्न विचारून थांबावं, मीटिंगमध्ये कुणी बोलता बोलता गप्प व्हावं, की माझे हात गार पडतात. मला लाठीची भीती वाटत नाही बाबा. मला त्या मधल्या जागेची भीती वाटते. आणि बुधवारी माझी मुलगी नेमकी तिथे उभी होती, तोंड उघडून.

पण शांत झालंच नाही.

पाय चालूच होते. शब्द बंद झाले, तरी पाय आणि टाळी, पाय आणि टाळी. रुडो थांबली नाही. मुलं थांबली नाहीत. कितीतरी जणांना तर हिचा आवाज बंद पडल्याचं कळलंसुद्धा नसेल. नोरीन खुर्चीची पाठ धरून पावलं टाकत होत्या. हिला परत आवाज येईपर्यंत जणू सगळ्यांनी मिळून तिची जागा धरून ठेवली होती. तो फोनवाला माणूस मधे उभा राहून इकडे तिकडे बघायला लागला, कारण त्याला बोलायला कुठे मोकळी जागाच नव्हती. दोन गार्ड आले आणि त्याला बाजूला घेऊन गेले.

आणि मग चिपो कठड्यावर चढली. तिला वकिलाने सांगितलं होतं की तू काही बोलू नकोस. तिने स्वरांगीचा हात धरला, आणि त्याच पायांवर, अजिबात घाई न करता, विचारलं, “व्हेअर ॲम आय फ्रॉम?”

मी कुठली?

बाबा, दोनशे पोरांच्या आवाजात मला माझा आवाज ऐकू आला. मी ओरडले, लूकन. डबा छातीशी धरून ओरडले. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा ओरडले. केव्हातरी मी खाली बघितलं, तर माझे पाय उचलले जात होते. टाळी अर्थातच चुकत होती, आणि एका हातात डबा.

स्वरांगीने वळून मला पाहिलं. मॅम, तू? असं तोंड केलं. मग तिचा आवाज परत आला.

सगळं पार पडल्यावर मी रुडोजवळ गेले. मी म्हटलं, तू आली होतीस त्या मंगळवारी मी घरात होते. ती म्हणाली, “आय नो. तुझे शूज दाराशी होते.” आणि पिशवीतून ते विनंतीपत्र काढून दिलं. मी नाव, पत्ता आणि कुठे काम करते ते लिहिलं. मग आम्ही दोघींनी तिथेच फुटपाथवर बसून स्वरांगीचा डबा संपवला, कारण पोरी बर्गर खायला पळाल्या होत्या.

निर्णय अजून काही नाही. वकील म्हणतो की फाइल पुन्हा बघू असं कळवलंय, आणि त्याचा अर्थ काहीही असू शकतो. त्या माणसाचा व्हिडिओ मात्र कालपासून फिरतोय. शेवटी शेवटी त्यात मी आहे, तोंड एवढं मोठं उघडं, हातात डबा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि खाली विचारलं की या आपल्या शिवांगीताई का? काल प्लांटवर गेले तेव्हा बॅज लावताना मला वाटत होतं की आज दार उघडणार नाही. उघडलं. इंद्रनील म्हणतो अर्जाचं काही होणार नाही. तो तसं म्हणतो, आणि सकाळी उठल्या उठल्या ईमेल बघतो. मीही बघते. भीती गेलेली नाही बाबा, तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण ती मला आता एकटीला गाठत नाही.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर पाठवलंत, की तिथे थांबायचो ते श्वास घ्यायला, बाकी काही नाही, छाती तेवढीच होती. मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं मी त्या जागेत काय काय भरून ठेवलं होतं, आणि तुम्ही नुसता श्वास घेत होतात.

आईला सांगा, डबा हरवला नव्हता. तो चहाच्या टपरीपाशी मी ठेवला होता. ती रागावली तर रागावू दे.

आणि मला एक लिहून कळवा. तिसऱ्यांदा थांबल्यावर तुम्ही काय म्हणणार होतात? तेच पुन्हा, की वेगळं काही? जे असेल ते तसंच लिहा. माझी मूठ अजून वरच आहे, आणि उत्तर तयार आहे.

टपरीपाशी उभी असलेली,
तुमची शिवांगी